डोंगराचा नकाशा आणि सोलापूरचा टॉवेल

सोलापुरात डोंगर नाही, पण डोंगरावरच्या प्रत्येक मुक्कामाला चादर आणि टॉवेल लागतो. म्हणून निसर्ग पर्यटनाच्या जागा कशा ठरतात, हे येथील व्यापारी बांधवांनी समजून घ्यावे.

उपग्रहाची छायाचित्रे आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे एकावर एक ठेवून उतार, उंची, झाडी, पाणी, रस्ता यांना गुण दिले जातात. बेरीज जास्त ती जागा योग्य. खोच रस्त्याच्या गुणांत आहे. रस्ता जवळ म्हणून गुण वाढतात आणि गर्दीही तेथेच लोटते.

साताऱ्याजवळचे कास पठार पाहा. रस्ता थेट पठारावर जातो. जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ, की गर्दीच्या पायांखाली फुले टिकत नाहीत. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 ठिकाणांना जागतिक वारसा ठरविले, त्यात कास आले. पुढे हंगामात दिवसाला 3000 पर्यटकांची मर्यादा घालावी लागली. महाबळेश्वर-पाचगणी तर 2001 पासूनच संवेदनशील क्षेत्र आहे. तेथे मनाला येईल तसे बांधकाम करता येत नाही.

तेव्हा पाहण्याची जागा वेगळी आणि राहण्याची जागा वेगळी दाखवील तोच नकाशा कामाचा. (झाडीलाच गुण दिले तर आपले नान्नजचे माळढोक अभयारण्य नापास होईल! 1979 चे हे अभयारण्य गवताळ माळासाठीच आहे.)

मुक्काम पायथ्याच्या गावांत, घरगुती खोल्यांत गेला तर आपले गिऱ्हाईक बदलते. दोन खोल्यांचा मालक गठ्ठा घेत नाही, दोन डझन घेतो आणि पुन्हा येतो. त्याची अडचणही वेगळी. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जाड टॉवेल तेथे दिवसेंदिवस वाळत नाही, वास मारतो. पावसाळ्यासाठी हलका, लवकर वाळणारा टॉवेल आणि थंडीसाठी जाड चादर, असा जोड माल कारागिरांनी विणून पाहावा. कासचा फुलांचा हंगाम साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. माल जूनपूर्वी पोहोचला पाहिजे.

कोणी तेथे दुकानासाठी गाळा घेणार असेल, तर जमीन कोणत्या क्षेत्रात मोडते आणि बांधकामाला परवानगी आहे का, हे संबंधित सरकारी कचेरीत पाहूनच इसार द्यावा.