परभणीची आई, हायकोर्टाची पायरी

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड सुरू झाली. त्यात पकडला गेलेला ३५ वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदन अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे कोठडीतील मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते. पण त्या चौकशीच्या अहवालानंतर पुढे काय? कायद्यातली खरी पोकळी इथेच आहे. सोमनाथच्या आईने मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली आणि तिच्यासाठी अॅड. प्रकाश आंबेडकर स्वतः उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने या मृत्यूप्रकरणी पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेले, ३० जुलैला तिथेही आदेश कायम राहिला. एफआयआरसाठी सात महिने आणि दोन न्यायालये, हे मला अक्षम्य वाटते.

परभणीला हे नवे नाही. इथलाच अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये मुंबई पोलिसांच्या कोठडीतून नाहीसा झाला. त्याची आईही वर्षानुवर्षे कोर्टात लढली.

घरातल्या कुणाला अटक झाली, तर कारण लेखी मागा. २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. तिथे मारहाणीची तक्रार नोंदवायला सांगा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.