टाळ्या पुरे, मालकी हवी!

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. अशा गावातील आमच्या तरुणाला ‘कारखान्यात कामाला जाशील का?’ असे विचारा, तो लगेच ‘हो’ म्हणतो. ‘कारखाना काढशील का?’ म्हटले की गप्प बसतो. हा भित्रेपणा नव्हे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या धन आणि मालकी नाकारली गेली, त्यांच्या मनावरचा तो घाव आहे.

यावर आम्ही काय करतो? कल्पना सरोज यांची कथा सांगतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे नेते, असा इशारा दिला होता. उद्योगातही तेच खरे आहे. भक्त नेता होत नाही.

सरोज यांच्याकडून घ्यायचे ते वेगळेच आहे. बुडालेली कमानी ट्यूब्ज हाती घेऊन त्यांनी बँकांशी वाटाघाटी केल्या, कामगारांची देणी भागवली. २०१३ ची पद्मश्री नंतर आली. दुसऱ्याच्या चुलीची जबाबदारी घेणे, हेच नेतृत्व!

पण नुसती हिंमत भांडवल देत नाही. २०१२ च्या केंद्रीय धोरणात सरकारी खरेदीतील ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघुउद्योजकांसाठी ठेवला आहे. ती भीक नाही, हक्क आहे. चार-पाच जणांनी मिळून उद्योगाची नोंदणी करावी आणि हा हक्क मागावा. जयंतीच्या वर्गणीचा चोख हिशेब ठेवणारे आमचे तरुण कारखान्याचाही हिशेब ठेवू शकतात.