दहा मिनिटं शांत बसा, पण राग गिळू नका

विहारात रक्तदाब तपासायला बसलो की आम्हाला हमखास ऐकू येतं, "सिस्टर, डोकं जड पडतं, छाती धडधडते, रात्री डोळ्याला डोळा नाही." पट्टा बांधून आकडा सांगायला एक मिनिट लागतं. त्यामागचं दुखणं कळायला वेळ लागतो.

धुणीभांडी करणाऱ्या एक ताई यायच्या. एका कामाच्या घरी त्यांचा चहाचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. तिथे त्या गप्प राहायच्या. संध्याकाळी घरी आल्या की पोरावर हात उगारायच्या आणि मग रात्रभर स्वतःलाच दोष द्यायच्या.

गिळलेला राग शरीरात राहतो. राग किंवा भीती आली की अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, श्वास उथळ होतो. रोज असं होत राहिलं तर झोप उडते. उलट श्वास संथ झाला, बाहेर सोडताना लांबला, की नाडीही सावकाश होते.

"ध्यान म्हणजे पळवाट, आपल्याला संघर्ष हवा," असं काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हीही म्हणायचो. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्ग आहे. त्या मार्गात सम्यक स्मृती आणि सम्यक समाधीही आहेत. सतिपट्ठान सुत्तात तथागत सांगतात की, मनात द्वेष असेल तर तो आहे हे जाणावं, नसेल तर नाही हे जाणावं. म्हणजे राग आला म्हणून आपण वाईट ठरत नाही. लाज, भीती, हेवा, थकवा, हे सगळं आपलंच आहे. ते ओळखलं नाही तर दुसऱ्यावर निघतं.

घरी असं करा. पहाटे नळाला पाणी येण्याआधी किंवा विहारात वंदनेनंतर दहा मिनिटं बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त बघा, ओढूनताणून घेऊ नका. मन भरकटणारच, परत श्वासावर आणा. काही उसळून आलं तर मनात म्हणा, "हा राग आहे", "ही लाज आहे". शेजारचा टीव्ही वाजत असेल तर वाजू द्या.

रक्तदाब, साखर किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या मात्र बंद करू नका. बसल्यावर जुने आघात आठवून घाबरायला झालं तर डोळे उघडा, उठा, कुणाशी तरी बोला. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर लगेच फोन करा.

त्या ताई तीन आठवड्यांनी म्हणाल्या, "सिस्टर, राग पोरावर नव्हताच. त्या कपावर होता." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या कपातला चहा नाकारला आणि का, तेही सांगितलं. काम जाईल ही भीती होतीच, आणि ते घर सुटलंही. आज त्या वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या बायकांना दर रविवारी विहारात जमवतात. आधी दहा मिनिटं सगळ्या शांत बसतात, मग पगार, सुट्टी आणि वागणूक यांवर बोलतात. त्यांची रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे. पोरावरचा हात मात्र थांबला.

जय भीम, नमो बुद्धाय.