युरोपच्या गर्दीतील चोरखिसा

रायपूरच्या गोल बाजारात ऐन दिवाळीच्या तोंडावर खरेदीस निघालेला मनुष्य, मग तो मराठी असो वा छत्तीसगढी, एका हाताने पिशवी आणि दुसऱ्याने खिसा सांभाळूनच त्या गर्दीत शिरतो. नवल असे की, हाच सावध गृहस्थ पॅरिसला किंवा रोमला पाऊल ठेवताच, तेथील रुंद रस्ते, भव्य प्रासाद आणि रांगेत उभे राहणारे नागरिक पाहून, अशा सुसंस्कृत मुलखात खिसेकापू कुठले असणार, या गोड समजुतीने अगदी निर्धास्त होतो. वस्तुतः तेथे प्रवाशाच्या जिवास सहसा धोका नसतो. धोका असतो तो त्याच्या पाकिटास. लूव्ह्र संग्रहालयात तर हा उपद्रव इतका वाढला की, एप्रिल २०१३ मध्ये खुद्द कर्मचाऱ्यांनीच काम थांबवले आणि ते जगद्विख्यात संग्रहालय एक दिवस बंद ठेवावे लागले.

या खिसेकापू मंडळींचे कसब बळात नसून बोलण्यात असते. माँमार्त्र टेकडीवर, साक्रे-केर मंदिराच्या पायऱ्यांपाशी, कोणी हसतमुख इसम मनगटास रंगीत दोरा गुंडाळतो आणि मग त्याचे दाम मागतो; देवळात गंडा बांधून घेण्यास हात पुढे करण्याची आपली सवय येथे महागात पडते! कोणी तरुणी मूकबधिरांच्या साहाय्यार्थ म्हणून सही मागते, आणि सही करणाराची दृष्टी कागदावर असता तिच्या सोबतिणीचा हात त्याच्या पिशवीत असतो. कोणी तोतया पोलीस, खोट्या नोटांचा तपास चालू आहे अशी बतावणी करून, पाकीट दाखवण्याचा हुकूम सोडतो. त्यास पाकीट न देता ‘ठाण्यावर चला’ एवढेच म्हणावे. आजोबांच्या बंडीचा चोरखिसा आणि आजीची कनवटी आपण जुनाट म्हणून मोडीत काढली खरी, परंतु पारपत्र व रोकड यांस त्याहून उत्तम जागा मला तरी ठाऊक नाही.

रस्ता ओलांडतानाही जपावे. युरोपच्या मुख्य भूमीवर वाहने उजव्या बाजूने धावत असल्याने जवळचे वाहन डावीकडून येते, आणि आपली मान मात्र जन्माच्या सवयीने आधी उजवीकडे वळते.

युरोपातील शेंगेन देशांचा प्रवेश-परवाना (व्हिसा) मागताना किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. त्याचा कागद केवळ अर्जाला जोडण्यापुरता न मानता विमा कंपनीचा दूरध्वनी क्रमांक टिपून ठेवावा. संकटसमयी फिरवण्याचा क्रमांक युरोपीय संघात सर्वत्र ११२ आहे, आणि आता भारतातही तोच असल्याने पाठांतराचे श्रम नाहीत.

पारपत्रच गेले तर मात्र प्रथम स्थानिक ठाण्यात फिर्याद नोंदवून तिची नक्कल घ्यावी आणि ती घेऊन भारतीय वकिलातीत जावे. तेथे निकडीचा म्हणून जो तात्पुरता दाखला मिळतो, तो केवळ मायदेशी परतण्यापुरता असतो; सहलीतले उरलेले स्वित्झर्लंड त्यावर पाहता येत नाही.