गाठोड्यातील माया

शिंप्यांच्या बोलीत ‘माया’ हा एक फार गोड शब्द आहे. शिवणीच्या आत, वरून न दिसणारे जे बोटभर जादा कापड ठेवलेले असते, ते म्हणजे माया. मुलीचे परकर-पोलके शिवावयास टाकताना घरातील वडीलधारी बाई शिंप्यास न विसरता बजावीत असे, “माया भरपूर ठेवा हो, पोर वाढीची आहे.” दोन वर्षांनी शिवण उसवावी, माया सोडावी, आणि तेच पोलके पुन्हा अंगास नीट बसावे. ज्या कपड्यात माया नाही, तो पहिल्या दिवशी कितीही चापूनचोपून बसो, अंग जरा भरले की त्याचे आयुष्य सरले.

घरालाही अशी माया असते. माळ्यावरील ट्रंकेत किंवा जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात ती बांधून ठेवलेली असते. कुणाच्या मुंजीत आलेला खण, कुठल्याशा प्रवासात घेतलेले दोन वार छीट, विरलेल्या शालूचा धड राहिलेला पदर, शर्टाचे उरलेले कापड. आज ना उद्या याचे काहीतरी शिवू, या भरवशावर हा संचय होत असतो. युरोप-अमेरिकेत तर हौशीने शिवणाऱ्या बायकांमध्ये असा साठा करणे हा एक स्वतंत्र छंद होऊन बसला आहे, आणि कापड घेण्याचा छंद निराळा व ते शिवण्याचा निराळा, अशी थट्टा त्या स्वतःच करीत असतात. थट्टेत तथ्य आहे. कापड साठविणे सोपे. साठ्यास कात्री लावणे अवघड.

आपल्याकडील जुन्या घराण्यांस साठ्याची कल्पना नवी नाही. संस्थानी कारभारात जवाहीरखाना, शिलेखाना यांच्याच पंक्तीस जामदारखाना असे, आणि वस्त्रांची सारी व्यवस्था तेथे चाले. मानकऱ्यांस, शास्त्र्यांस, गवयांस मिळणारी शेला-पागोटी तेथूनच निघत. बडोद्याच्या कलावंत खात्यातील गायक-वादकांच्या घरी पेटीच्या तळाशी न शिवलेली मानाची वस्त्रे असावयाची, ती अशा मार्गाने आलेली. पण जामदारखान्याचा एक नियम घरातील पेटीने कधी उचलला नाही. तेथे आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या प्रत्येक वस्त्राची नोंद होई. आपल्या गाठोड्याची नोंद फक्त एका बाईच्या डोक्यात असते.

या वस्त्रांपैकी पुष्कळांचा धागा सुरतेस जाऊन पोहोचतो. सुरत म्हटले की आपणां मराठी माणसांस प्रथम १६६४ साल आठवते. परंतु ज्या संपत्तीसाठी शिवाजीमहाराजांची नजर त्या शहराकडे वळली, तिचा मोठा भाग कापडाच्या व्यापारातून आला होता, हे आपण विसरतो. किनखाब, आतून सुती व बाहेरून रेशमी असलेला मशरू, आणि तीन पारशी बंधू चीनमध्ये जाऊन शिकून आले अशी कथा जिच्याविषयी सांगतात ती तनछोई, ही या शहराची ख्याती. जरीचे तर विचारूच नये. रुप्याची तार ओढावयाची, ती चपटी करून तिचा बादला बनवावयाचा, तो रेशमी धाग्यावर गुंडाळावयाचा व त्यावर सोन्याचे पाणी चढवावयाचे, हे कसब सुरतेच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. येवल्याची पैठणी महाराष्ट्राची खरी. तिच्या पदरातील जर मात्र सुरतेहून येत आली आहे.

आजची सुरत कृत्रिम धाग्याची आहे. रिंग रोडवरील कापडबाजारात शिरले की एकावर एक मजले, प्रत्येक मजल्यावर दुकानांच्या ओळी, आणि दारात साड्यांचे गठ्ठे. हा व्यवहार मुख्यतः घाऊक. पण तुकडे, उरलेसुरले ताग्यांचे शेवट व कटपीस यांचाही तेथे मोठा धंदा आहे, आणि असा माल पुष्कळदा किलोवर तोलून मिळतो. जुन्या शहरात भागळच्या बाजूस चौटा बाजारात अस्तर, लेस, जोड रंगाचे कापड यांसाठी बायकांची झुंबड असते. अशा ठिकाणी हौशी बाईचे भान सुटले तर नवल नाही. कापड स्वस्त असते, आणि रंग पुन्हा मिळणार नाही अशी धास्ती असते.

म्हणून साठा करणाऱ्याने दुकानाच्या पायरीवरच स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. याचे काय शिवणार? त्यास किती लागेल? आणि यास जोड लागणारे अस्तर किंवा दोरा घरी आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर पुढचे दोन विचारण्याचे कारणच उरत नाही. त्यातल्या त्यात पांढरी मलमल, साधे सुती अस्तर आणि काळे किंवा गडद एकरंगी सुती कापड मात्र बेत नसतानाही घेऊन ठेवावे. ही तीन कशासही जोडीस जातात. भडक फुलांचे कापड एकटेच मिरविते. त्यास सोबत मिळणे कठीण.

घरी आणलेले कापड लगेच पेटीत टाकू नये. प्रथम त्याची जात ओळखावी. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुताचा वास जळक्या कागदासारखा येतो व हलकी राख उरते. रेशमाचा वास जळक्या केसासारखा. आणि पॉलिएस्टर असेल तर धागा वितळून त्याची टणक गोळी होते. दुकानात ‘सिल्क’ म्हणून मिळालेल्या मालाची एवढ्याने पुरी परीक्षा होते. नंतर सुती कापड पाण्यातून काढावे, म्हणजे जे काय आटावयाचे ते शिवण्यापूर्वीच आटेल. रंगाचा संशय असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून पाहावा. रंगाच्या शास्त्रात सुरत व बडोदे यांचे एक जुने देणेघेणे आहे. सुरतेत जन्मलेले रसायनज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० साली बडोद्यात कलाभवन निघाले, आणि कापड रंगविण्याची विद्या तेथे शास्त्र म्हणून शिकविली जाऊ लागली. पुढे १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय स्थापन होऊन बायकांच्या हातास शिवण-भरतकामाचे शिक्षण मिळू लागले. शिवण ही शिकावयाची विद्या आहे, हा विचार आपल्या गावास तेव्हापासून परिचयाचा आहे.

आता साठवणीविषयी. तापीकाठच्या माणसास कापड जमिनीलगत ठेवू नये हे शिकवावे लागत नाही. १९६८ च्या पुराने व त्याहून अधिक २००६ च्या ऑगस्टमधील पुराने ते शिकविले. त्या वेळी उकाई धरणातून सोडलेले पाणी शहरभर पसरले, आणि दुकानांचे व घरांचे खालचे मजले बुडाले. तेव्हा पेटी माळ्यावर किंवा उंच कपाटातच असावी. रेशमी व जरीची वस्त्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. धुतलेल्या मलमलीत गुंडाळावीत. डांबराच्या गोळ्या जरीस लागू देऊ नयेत, जर काळवंडते. आपल्या आज्या कपड्यांत वेखंडाचे कांडे पुरचुंडी बांधून ठेवीत. कसर दूर ठेवण्यास ते पुष्कळ बरे. वर्षातून दोनदा तरी घडी मोडून निराळ्या ठिकाणी घालावी, कारण एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिलेले रेशीम तेथेच चिरते. आणि प्रत्येक कापडास एक चिठ्ठी टाचावी: जात कोणती, लांबी किती, पन्हा किती, कोणाकडून आले व कशासाठी ठेवले. जुन्या चिठ्ठीवर वारांत माप असेल तर एक वार म्हणजे ९१ सेंटिमीटर व थोडे वर, हे ध्यानात ठेवावे. हाच आपला घरगुती जामदारखाना.

चिठ्ठ्या लावून झाल्या की साठ्याचे तीन ढीग आपोआप पडतात: ठेवण्याचे, कापण्याचे आणि देऊन टाकण्याचे. ठेवण्याचा ढीग सर्वांत लहान असावा. हातमागावरची धड पैठणी, मानाचा शेला, आजीच्या हाताचे भरतकाम, एवढेच त्यात जावे. वस्त्रे केवळ पाहण्यासाठी जपणे हे निराळे काम आहे, आणि ते करावयाचे तर नीट करावे लागते. सुरतेतच प्रफुल्ल व शिल्पा शहा या दांपत्याने जुन्या भारतीय वस्त्रांचा जो मोठा संग्रह जमविला व ज्यास नदीवरून ‘तापी’ हे नाव दिले, त्यावर ग्रंथ निघाले, प्रदर्शने झाली. अशा संग्रहातील तुकड्यास कात्री लावणे हे पाप. पण प्रत्येक घरातील प्रत्येक चिंधीस तो मान देण्याचे कारण नाही.

कापण्याच्या ढिगाकडे वळताना आपल्या घरांतील एका खास रकमेचा उल्लेख केला पाहिजे, ती म्हणजे ओटीचे ब्लाउजपीस. हळदीकुंकवास आलेला तुकडा पुढच्या घरी, तेथून तिसऱ्या घरी, असा आळीभर प्रवास करून पुन्हा मूळ मालकिणीकडे येतो, हे सर्व जणी जाणतात व कोणी बोलत नाही. हा फेरा थांबविणे सोपे आहे. ऐंशी सेंटिमीटर लांबीच्या व मीटरभर पन्ह्याच्या एका तुकड्यातून चाळीस सेंटिमीटरचे चार चौकोन निघतात, म्हणजे दोन उशांचे अभ्रे, आणि वर वीसेक सेंटिमीटरची पट्टी उरते. ती पिशवीच्या बंदांस पुरते. खणाचे कापड असेल तर तान्ह्या बाळाची कुंची त्यासारखी दुसऱ्या कशाचीच शोभत नाही. आतून मात्र मऊ सुती अस्तर हवे. पॉलिएस्टरचे तुकडे बाळाच्या अंगास न लावता पिशव्या व गवसण्यांकडे वळवावेत. तंबोऱ्याची गवसणी ही तर उरलेल्या कापडाची परीक्षाच आहे. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, खुंट्यांची जागा हे सारे बेतावे लागते. आत जुन्या लुगड्याचे दोन पदर घातले की वाद्यास धक्का लागत नाही.

आणि गोधडी. नऊवारी सुती लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब. त्याची लांबीकडून चौपदरी घडी केली की दोन मीटर लांबीचा थर तयार होतो. वर रंगीत चौकोन जोडून घट्ट धावदोरा घातला की ती नातवंडांपर्यंत टिकते. सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. तेथील पुष्कळ बाया साड्यांचे धागे कापण्याचे, टिकल्या चिकटविण्याचे काम घरी बसून नगावर करतात. दिवसभरात कितीतरी साड्या हाताखालून जातात, पण त्यांतील एकही त्यांची नसते. गोधडीचे तसे नाही. तिच्यातील प्रत्येक चिंधी घरातल्या कोणाच्या तरी अंगावरची असते, आणि ती कोणाची हे शिवणारीस ठाऊक असते.

कात्री लावताना क्रम पाळावा. प्रथम कागदावर आकृती काढून कापडावर बेतावे. मोठे भाग आधी, बाह्या व पट्ट्या नंतर. उभा धागा सोडू नये, उरेब कापावयाचे ते हेतुपूर्वकच कापावे. उरलेले तुकडे त्याच दिवशी आकाराप्रमाणे लावून ठेवावेत. तुकड्यास तुच्छ समजू नये. जुन्या कैरोजवळील फुस्तात येथून गुजरातेत ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे शेकडो तुकडे मिळाले, आणि ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात ते आज जपून ठेवलेले आहेत. त्यांतील काहींवर शिवणी व रफूच्या खुणा दिसतात. आपल्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी परमुलखी काय पाठविले, हे सांगावयास राजवस्त्रे उरली नाहीत. कोणा अनाम गृहिणीने वापरून, सांधून, पुन्हा वापरलेल्या चिंध्या उरल्या.

राहिला तिसरा ढीग, आणि खरी चिंता त्याचीच. घरातील वृद्ध बाई जाते. तेरावा दिवस होतो, पेटी उघडली जाते. हे कापड कोणते, कोणासाठी ठेवले, किती जुने, हे सांगणारे कोणी नसते. सुना-लेकी गोंधळतात, कोणास शहरात परतावयाचे असते, कोणाच्या घरी जागा नसते. मग बोहारणीस हाक मारली जाते, आणि चाळीस वर्षांची साठवण एका पातेल्याच्या मोलाने दाराबाहेर जाते. त्यात बोहारणीचा दोष नाही. वहीत लिहून ठेवलेली पण कोणास न शिकविलेली चीज गवयाबरोबर जाते, तशीच ही गत.

यावर उपाय मोठा नाही. यंदा पावसाळा उलटून ऊन पडले की पेटी खाली उतरवावी, आणि आजी हयात असेतोवर तिला व नातीला त्या पेटीपाशी एकत्र बसवावे. आजीने सांगावे, नातीने चिठ्ठ्या लिहाव्यात. देण्याचे ते आजीने स्वतःच्या हातांनी द्यावे. घेणाऱ्याचा चेहरा तिला दिसू द्यावा. आणि उठण्यापूर्वी एक तुकडा, फार मोलाचा नको, पण आजीच्या आवडीचा, नातीच्या हाती कात्री देऊन कापावयास लावावा. पहिली टीप वाकडी आली तरी चालेल. शिवणीत माया मात्र भरपूर ठेवावी.