शस्त्रकर्मातील रक्तप्रवाह-चित्रण व व्रणरोपण

कपाळाच्या त्वचेपासून नाक घडविण्याच्या पुण्याजवळील शस्त्रकर्माचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. अशा त्वचाखंडाचे जीवन देठातून येणाऱ्या रक्तावर अवलंबून असते. केवळ वर्ण पाहून त्याचा अंदाज चुकू शकतो. आता शस्त्रकर्म चालू असतानाच शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हे रंजकद्रव्य देतात. अवरक्त प्रकाशझोतात रक्त पोहोचलेला भाग कॅमेऱ्यात उजळतो, न पोहोचलेला काळा दिसतो. त्यानुसार शल्यविशारद निर्जीव होऊ पाहणारी कड वेळीच काढू शकतो. मात्र रक्तवाहिन्यांच्या तात्पुरत्या आकुंचनानेही भाग काळा दिसतो, हे ध्यानी असावे. मधुमेही वा तंबाखूसेवी रुग्णाच्या टाक्यांची कड काळवंडल्यास वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी नुसता लेप न देता त्यास तत्काळ शल्यविशारदाकडे पाठवावे. रक्ताविना रोपण नाही.