मारुती उडतो कसा?

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या गर्दीत सुपारी हनुमानाचं मंदिर आहे. सणासुदीला तिथून जायचं म्हणजे आधी खांदा पुढे काढायचा आणि मग उरलेलं अंग. दुचाकींचे हॉर्न, कापडाच्या पिशव्या, कडेवरची पोरं, आणि या सगळ्याच्या मधोमध बलाची देवता. शेंदराच्या मारुतींचं एक असतं. वर्षानुवर्षं थरावर थर चढतात आणि मूळ मूर्तीचे हातपाय त्यात बुडून जातात. कित्येक गावांत तर दोन डोळे तेवढे उरतात. तरी समोरच्या कुठल्याही पोराला विचारा, हा देव काय करतो? पोरगं लगेच सांगेल, उडतो!

कसा उडतो, हा प्रश्न मात्र आपण मोठे झालो की विचारायचं सोडून देतो. सिनेमावाल्यांना तो सोडून चालत नाही. त्यांना उडवून दाखवावं लागतं.

जानेवारी २०२४ मध्ये प्रशांत वर्मा यांचा ‘हनु-मान’ हा तेलुगू चित्रपट आला. अंजनाद्री नावाच्या काल्पनिक गावातल्या एका उनाड पोराला समुद्राच्या तळाशी एक मणी सापडतो. तो मारुतीच्या रक्ताच्या थेंबाचा झालेला, आणि त्यातून त्या पोराच्या अंगात अचाट बळ येतं. याला सरळ सुपरहिरोपट म्हणायचं, आणि लोकांनी तो तसाच डोक्यावर घेतला. पण अमेरिकेतल्या १९३८ च्या सुपरमॅनशेजारी आपला मूळ मारुती उभा केला, की एक गंमत दिसते. सुपरमॅन परक्या ग्रहावरून येतो, त्याची ताकद तिथून आलेली. मारुतीची ताकद त्याच्यापाशीच असते, पण ती तो विसरलेला असतो. लहानपणी ऋषींना छळलं म्हणून मिळालेला शाप. समुद्रकाठी सगळी वानरसेना हताश बसलेली, आणि म्हातारा जांबवान त्याला सांगतो, अरे, तुला उडता येतं. पटकथा लिहिणाऱ्यांनी हजारो रुपयांचे वर्ग लावून जे शिकावं, ते किष्किंधाकांडात फुकट आहे.

त्यापुढचं सुंदरकांड तर मला प्रत्येक वेळी थक्क करतं. वाल्मीकींचा मारुती हात वर करून भुर्रकन जात नाही. तो आधी महेंद्र पर्वतावर पाय रोवतो. इतक्या जोरानं, की डोंगरातून पाणी पाझरायला लागतं आणि झाडांची फुलं खाली गळतात. मग तो दंड ताठ करतो, कंबर आवळून घेतो, मान आखडतो, जायच्या वाटेकडे नजर लावतो, छातीत श्वास कोंडतो. कानसुद्धा मागे पाडतो! आणि मग झेप. त्याच्या मांड्यांच्या वेगानं उपटलेली झाडं थोडं अंतर त्याच्या मागे ओढली जातात, लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला सोडायला घरचे वेशीपर्यंत जातात तशी.

हे उड्डाण नाही, ही उडी आहे. शंभर योजनांची असली तरी उडीच. जमिनीला जितक्या जोरानं मागे रेटाल तितक्या जोरानं ती तुम्हाला पुढे फेकते, हा न्यूटनचा तिसरा नियम शाळेत पाठ करताना कुणी या डोंगराचं उदाहरण देत नाही, हे आपलं नुकसान. कवीनं नक्कीच कधीतरी एखाद्या कसलेल्या मल्लाला उडी घेताना जवळून पाहिलं असणार.

आपल्याकडे पुराण आणि आखाडा यांच्यामध्ये भिंत कधी नव्हतीच. कुस्तीच्या परंपरेत मल्लयुद्धाच्या चार पद्धती सांगतात, त्यांची नावं पाहा: हनुमंती, जांबुवंती, जरासंधी आणि भीमसेनी. हनुमंतीत डावपेच आणि चपळाई. भीमसेनीत निखळ ताकद. जांबुवंतीत पकडून जखडून ठेवायचं. भागवतात हाच जांबवान श्रीकृष्णाशी २८ दिवस झुंजला, तेव्हा जखडणं त्याला शोभतंच. आणि जरासंधी म्हणजे सांधे, हाडं मोडण्याची विद्या. जरासंध जन्मला तो दोन तुकड्यांत, जरा नावाच्या राक्षसिणीनं ते सांधले, आणि भीमानं त्याला मारलं तेही पुन्हा मधोमध चिरून. ज्याचं शरीरच एक सांधा होतं, त्याचं नाव सांधे मोडणाऱ्या पद्धतीला! हॉलिवूडवाले प्रत्येक नायकाला लढण्याची वेगळी शैली देण्यासाठी माणसं नेमतात. इथं ते काम तालमीतल्या वस्तादांनी करून ठेवलं आहे.

गुलमंडीपासून तीसेक किलोमीटरवर वेरूळ. तिथलं कैलास लेणं बघून दमलेले लोक शेजारचं १५ क्रमांकाचं दशावतार लेणं सोडून देतात. त्यांनी निदान वरच्या मजल्यावरच्या नरसिंहासाठी तरी पायऱ्या चढाव्यात. आपल्या डोळ्यांपुढे नेहमीचा नरसिंह असतो तो मांडीवर आडवा टाकलेला हिरण्यकशिपू आणि पोट फाडणारी नखं. इथं तसं नाही. इथं दोघं उभे आहेत, हिरण्यकशिपूच्या हाती अजून शस्त्र आहे, आणि नरसिंहानं नुकताच त्याला धरलाय. शिल्पकारानं शेवट न निवडता पकड निवडली. कुस्ती कुठल्या क्षणी ठरते, हे त्याला ठाऊक होतं. आठव्या शतकात हलती चित्रं नव्हती, पण चित्र नेमकं कुठं थांबवायचं याची जाण होती.

मारुतीनं माणसाला प्रत्यक्ष शिकवलं, अशी गोष्टही आपल्याकडे आहे आणि तिची एक बाजू निजामाच्या मुलखाला, म्हणजे तेव्हाच्या गुलमंडीच्या सरकारलाच, लागते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आले आणि त्यांनी पुण्याला आव्हान दिलं. उत्तर द्यायला कुणी पुढे होईना. तरुण बाळंभटदादा देवधरांनी मुदत मागून घेतली आणि ते वणीच्या सप्तशृंगीला गेले. तिथं देवीच्या कृपेनं मारुतीनं वानररूपात लाकडावरच्या पकडी करून दाखवल्या, असं परंपरा सांगते. परतून त्यांनी गुलाबला हरवलं आणि अलीनं लढायचं नाकारलं. खांबावरचा व्यायाम त्याआधीही होता. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या सरावात स्तंभश्रम येतो. पण आजच्या मल्लखांबाचे आद्य गुरू म्हणून मान बाळंभटदादांचाच.

या खांबाची रचना नीट पाहिली की डोकं चक्रावतं. सागवानी किंवा शिसवी, जमिनीवर साधारण अडीच मीटर, खाली जाड आणि वर निमुळता. त्याच्या भागांची नावं अंग, मान आणि बोंड. म्हणजे तो खांब नाहीच, तो उभा प्रतिस्पर्धी आहे. जो दमत नाही, हलत नाही आणि कधीच चूक करत नाही. त्याला एरंडेल चोळतात. त्यानं कातडी सोलवटत नाही, आणि घामेजलेल्या पैलवानाला धरावं तसं ते लाकूड निसटू पाहतं. अढी मारायची, तेढी घालायची, दसरंगात उलटं जायचं, ताजव्यात अंग आडवं तोलायचं. सगळा भार मांड्यांच्या आणि पायाच्या बोटांच्या पकडीवर. खाली उभं राहून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं हवेत आहे. पोराला विचारा, ते किती घट्ट धरून आहे!

आता कॅमेऱ्याकडे येऊ. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपट काढण्याआधी जादूचे प्रयोग करत, नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून. भांडवल देणाऱ्याला पटवायला त्यांनी १९१२ मध्ये कुंडीतलं वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं. रोज थोड्या चौकटी, आणि महिनाभराची वाढ मिनिटभरात. म्हणजे देवांच्या आधी त्यांनी वाटाण्याचा चमत्कार दाखवला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये गणपत शिंदे यांचा मारुती आकाशात गेला आणि लोक थिएटरवर तुटून पडले. मद्रासला तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. त्याच चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. त्या सीतेचे दंड पाहून रावणानं पळवायच्या आधी दोनदा विचार करायला हवा होता.

त्या काळची करामत समजून घेण्यासारखी आहे. कॅमेरा हातानं फिरवायचा. सेकंदाला साधारण दोन फेरे, एका फेऱ्याला आठ चौकटी. काळ्या पडद्यासमोर नट टिपायचा, फिल्म तेवढीच मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच पुन्हा आभाळ टिपायचं. काळ्या भागावर प्रकाश पडलेलाच नसल्यामुळे तिथं आभाळ उमटतं आणि नट त्यात तरंगतो. फेरे मोजायला चुकलं की सगळं वाया. हात मुद्दाम हळू फिरवला तर पडद्यावर हालचाल वेगवान दिसते. पुढे हाँगकाँगच्या मारामारीपटांनी हीच युक्ती भरपूर वापरली.

फाळक्यांचा चमत्कार फिल्मवर घडायचा, बाबूराव पेंटरांचा अंगावर. कोल्हापुरात त्यांनी कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. कथा कीचकवधाची. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलेल्या त्या गावात भीम शोधायला लांब जावं लागत नव्हतं. बाळासाहेब यादवांसारखा कसलेल्या अंगाचा माणूस भीम झाला, झुंझारराव पवार कीचक. ती झुंज इतकी खरी वाटली की बायका थिएटरात भोवळ येऊन पडल्या आणि पुढे त्या दृश्याला कात्री लागली, असं सांगतात. मला यात पेंटरांची खरी बुद्धी दिसते. देवाला देव वाटायला लावणारी गोष्ट ढग नसून वजन आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

म्हणूनच १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेसाठी रामानंद सागरांना मारुती हवा होता तेव्हा ते दारासिंगांकडे गेले. दारासिंग तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. १९७६ च्या ‘बजरंगबली’तही तेच होते. त्यांच्या उड्डाणाची दृश्यं आजच्या मुलांना हसवतील, पण ते जमिनीवर नुसते उभे राहिले तरी पटायचे. उलट आज संगणकावर केलेले कित्येक मारुती इतके सहज उडतात की त्यांनी जमीन सोडली हे कळतच नाही. २०२३ च्या ‘आदिपुरुष’मध्ये तर मारुती होते आपले देवदत्त नागे, ‘जय मल्हार’मधले खंडोबा. अंग कमावलेला माणूस. पण भोवतीचं सगळं जग संगणकातलं असेल, तर पाय रोवायचे कशावर?

देव पटेल यांनी २०२४ च्या ‘मंकी मॅन’मध्ये हा प्रश्न वेगळ्या वाटेनं सोडवला. नायक माकडाचा मुखवटा घालून पैशासाठी मार खातो. मग एका मंदिरात आश्रय घेऊन तो पोत्यावर ठोसे मारायला शिकतो, आणि ठेका धरायला समोर खुद्द झाकिर हुसेन तबला घेऊन बसलेले असतात. कोल्हापूरच्या मैदानात हलगी जे करते तेच. खलनायकाच्या बाजूला आपले मकरंद देशपांडे.

बाळंभटदादांची गोष्ट कुणीतरी अशीच पडद्यावर आणावी. वणीचा डोंगर आहे, दोन जबरे प्रतिस्पर्धी आहेत, वेळ थोडा आहे, गुरू वानर आहे. नट मात्र अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या ठिकाणाहून घ्यावा. त्यांच्या माणसांनी १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकला आपले खेळ दाखवून आणले आहेत. दोरीवर टांगू नये. खांबाला एरंडेल चोळावं, कॅमेरा पायाच्या बोटांशी लावावा आणि एका दमात पूर्ण दसरंग टिपावा.